शमीमचं पिंजण

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळ. स्थळ सुलतानपूर, आमच्या शेजारचं घर. हजर: शमीम, तिचे मालक गफूरभाई, मुलगी रुबिना आणि मी. भिंतीपलीकडून रुबिनाचा आवाज आला आणि मी पूजेची मांडणी अर्धी टाकून धावले. शमीमचा श्वास तुटत होता. माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "ताई, फजरले हिले कोन उठोईन वं?" मी म्हटलं, पहाटेच्या नमाजीला रुबिनाला मी उठवीन. ऊन ओट्यावर यायच्या आत ती गेली...

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गल्लीत आलो. ती पिंजाऱ्याच्या घरची लेक आणि पिंजाऱ्याच्याच घरची सून. छताला टांगलेलं ते लांब धनुष्यासारखं पिंजण, त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारला की सगळी गल्ली गुणगुणायची. पोटुशी असताना अगदी शेवटपर्यंत तिने पिंजलं. रुबिना दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. डॉक्टरांनी सांगितलं, जन्मतःच ऐकू येत नाही. शमीमने त्या दिवशी पिंजण कपड्यात गुंडाळून खुंटीला टांगलं.

"मीच पोरीचे कान खाल्ले," ती म्हणायची. "पेटात होती अन् मी कानाशी धन् धन् करत राह्यली. अल्लाने सजा देल्ली मले." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती दर्ग्यात धागे बांधत राहिली, पोरीच्या गळ्यात तावीज वाढत राहिले. नमाजीनंतर हात पसरून ती एकच मागायची, हिचे कान दे. गफूरभाई मेहकरला पिंजायच्या मशीनवर कामाला जाऊ लागले. घरातला आवाज बंद झाला.

याच काळात आमच्याकडे कापसाचं बीटी बियाणं आलं. घरची गादी भरायला थोडा कापूस ठेवायची रीत होती, ती मोडली. सगळा कापूस बोंडातून थेट व्यापाऱ्याच्या गाडीत. पहिली सालं बरी गेली. मग बोंडात अळी निघाली, आणि फवारणीचं औषध पिकावर जायचं ते माणसांच्या पोटात जाऊ लागलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण शिवेबाहेर नाल्यात फेकतात. त्या सालांत नाल्याकडे मी बघत नसे.

एका सकाळी मागच्या आळीतली कमल डोक्यावर गादी घेऊन शमीमच्या दारात उभी राहिली. नवरा जाऊन दहावं नुकतंच झालेलं. म्हणाली, "सारे म्हंतात फेक. मले नाही फेकवत. आमच्या घरच्या कापसाची शेवटची गादी हाये. पिंजून दे वं बाई."

"मी पिंजत नाही आता. मशीनवर धाडते," शमीम म्हणाली.

"मशीनवर नको. माह्या डोयापुढं पिंज."

शमीमने तिच्या डोक्यावरची गादी उतरून घेतली. मग तिने खुंटीवरून पिंजण उतरवलं. गादी उसवली, दबून काळवंडलेला कापूस अंगणात पसरला, आणि इतक्या वर्षांनी तातीवर ठोका मारला. रुबिना तेव्हा परकर नेसून हुंदडायच्या वयाची. ती आली, पिंजणाच्या दांड्यावर तिने तळहात ठेवला आणि... हसली. हात उचलेना. मग तिने कमलचा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. कमल नवरा गेल्यापासून रडली नव्हती. ती त्या दांड्याला धरून रडली. शमीम थांबली, तशी रुबिनाने तिच्या मनगटावर चापट मारली. थांबू नको!

त्यानंतर शमीमने पोरीच्या गळ्यातले तावीज काढले. मी विचारलं तर म्हणाली, "आता काही मांगत नाही ताई. म्हंते, या अल्ला, हिची अम्मी मीच पाह्यजे होती, तू बरोबर घरी धाडली."

मग गावोगावहून तशा गाद्या येऊ लागल्या. लोक अंगण टाळून जात. गफूरभाई वैतागून म्हणायचे, "आपलं घर म्हंजे मयतीचं गोदाम झालं बे!" शमीम म्हणायची, "मंग तुमी कायले जागा अडोता? व्हा बाजूले." मायलेकी मिळून पिंजायच्या. गादी न्यायला येणाऱ्या बाईचा हात रुबिना आधी दांड्यावर ठेवायची. हे काम आपल्यावर सोपवलेलं आहे, असं शमीम मानायची. त्यात कधी खंड पडला नाही.

पहाटे नमाजीला पोरीला उठवायचं तर शमीम पिंजणाचा ठोकळा जमिनीवर आपटायची. फरशीतून तो रुबिनाच्या पाठीला कळायचा. भिंतीपलीकडे मीही त्यावरच उठत असे.

आता ते काम माझ्याकडे आहे. मी वेळेवर जाते, पण बरेचदा रुबिना आधीच उठून बसलेली असते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने फरशीवर हात ठेवला, मग कपाळावरून ओढणी घेतल्यासारखं केलं. ही तिची अम्मीची खूण. अम्मीने उठवलं. त्या पहाटे मलाही घड्याळाने उठवलं नव्हतं...

मागची सगळी कामं मी यादी करून उरकली. चाळिसाव्याचं जेवण झालं, कपडे वाटले, कोणाकोणाच्या राहिलेल्या गाद्या रुबिनाकडून पिंजून घरोघर पोचवल्या. यादीत एकच ओळ उरली आहे. शमीमची स्वतःची गादी. ती उसवून, पिंजून, रुबिनासाठी नव्याने भरायची आहे. मी दोनदा कात्री तिच्या हातात दिली. दोन्ही वेळा तिने ती बाजूला ठेवली, गादीवर तळहात टेकवला, अम्मीची खूण केली, आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.