पुरचुंडीतली तूर

निजामाच्या अखेरच्या वर्षांत, रेणापूरकडच्या आमच्या गावात उर्दू लिहिता-वाचता येणारा मी एकटाच, आणि त्याचा मला लई माज होता. हैदराबादहून एक डॉक्टर आणि शेतीखात्याचे साहेब आले, तेव्हा दुभाषा म्हणून मलाच घेतलं. गावात काही तरण्या माणसांचे पाय ताठत चालले होते. हे दुखणं खाण्यातून येतं का, याचा शोध घ्यायचा होता. डॉक्टरांचा वहीम लाखेच्या डाळीवर होता. तसं ठरलं तर गावाला दुसरं धान्य द्यायची शिफारस करतो, असं ते मला म्हणाले होते.

लाख दिसायला तुरीसारखी. पाऊस हुकला तरी येते, म्हणून वाईट सालात घरोघरी तीच शिजायची. आमच्याकडेही तीच. पण चारचौघांत कबूल कोण करणार? लाख म्हणजे बैलांचं खाणं.

डॉक्टरांची रीत साधी होती. रोज शिजतं त्यातलं मूठभर धान्य, डाळ घरच्यांनी पुरचुंडीत बांधून द्यायची आणि मी चिठ्ठी लिहायची. आता सरकारी माणसाच्या हातात हलकं धान्य कुणी ठेवतं का? बायकांनी सणासाठी राखलेली तूर काढली, निवडून-पाखडून दिली. आईनंही तेच केलं. "लेक दुभाषा, अन् घरात लाख? अब्रू हाय का न्हाई आपल्याला?" मी चिठ्ठीवर तूर लिहिलं. सगळ्यांच्याच चिठ्ठ्यांवर लिहिलं, जाणूनबुजून. शेतीचे साहेब वावरातल्या लाखेकडं बोट दाखवायचे, तर लोक म्हणायचे, "बैलांची हाय, साहेब."

शेवटच्या दिवशी डॉक्टर आमच्या घरी आले. थोरला भाऊ तेव्हा काठी घेऊन, टाचा न टेकता चालायचा. त्याचे गुडघे दाबून पाहत डॉक्टर म्हणाले, "पूछो, घर में कौनसी दाल पकती है?"

मी विचारलं. दादा म्हणाला, "वावरात हाय तीच की. दोन सालं झाली, दुसरं मिळतं कुठं?"

"तुवर की, साहब," मी सांगितलं.

दादाला बाजारापुरती दक्खनी उर्दू चांगली कळायची. त्यानं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर मी तिथंच खोटा पडलो असतो. तो बोलला न्हाई. डॉक्टरांनी तूर लिहून घेतलं.

काही महिन्यांनी कागद आला, वाचायला पुन्हा मीच. या गावाच्या खाण्यात दोष आढळला नाही, असं त्यात होतं. चावडीवर लोक खूश झाले. दुसरं धान्य आलं न्हाई. पुढच्या सालीही आम्ही लाखच खाल्ली, आणि दादाची काठी सुटली ती हात जमिनीला टेकायलाच.

मला माझी लाज वाटते, अजून वाटते. भावाच्या पायांपेक्षा मला माझी ऐट मोठी वाटली. म्हातारपणी एकदा धीर करून विचारलं, "दादा, त्या दिवशी तू बोलला का न्हाईस?"

तो म्हणाला, "तू साहेबासंगं बोलून राहिला होतास. लई झ्याक बोलत होतास."

एवढं म्हणून तो हातांवर सरकत सावलीला गेला.