रंगाचं नाटक, मुनिरक्याचा चौक

पथनाट्य करणाऱ्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. प्रयोग संपला की तेच चहाच्या टपरीपर्यंत मागे मागे येतात! आमच्या ग्रुपमध्ये इंफाळची लिनथोई, काँगोहून शिकायला आलेला जोसेफ आणि दिल्लीतल्याच आर. के. पुरमची मी. नाटक रंगावर, चेहऱ्यावर, त्यावरून होणाऱ्या अपमानावर. आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा, त्या मस्ट!

*

पहिल्याच प्रयोगानंतर एका काकांनी लिनथोईला कौतुकाने विचारलं, "हिंदी बड़ी अच्छी है! कौन से देश से हो?"

"भारत. और आप?"

काका गडबडले. "मैं... मैं भी!"

*

एका सीनमध्ये जोसेफ घरमालक होतो आणि भाडेकरू म्हणून प्रेक्षकांतल्या कुणालातरी बोलावतो. एकदा मिशीवाले चौधरीजी आले. मुनिरका गावात त्यांच्या स्वतःच्या तीन मजले भाड्याच्या खोल्या!

जोसेफने सुरू केलं, "खाते क्या हो? बदबू तो नहीं आएगी? घर पे कौन-कौन आएगा?"

चौधरीजींना घाम फुटला. "अरे भाई, शरीफ आदमी हूँ!"

"सब यही कहते हैं."

चौक हसून लोटपोट. चौधरीजी मात्र हसले नाहीत. "यार, ये तो मेरे डायलॉग हैं," एवढंच म्हणाले. पुढच्याच आठवड्यात जोसेफ त्यांच्याकडे राहायला गेला!

*

आपले लोक सुटले असं समजू नका. आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळात 'मुलगी गोरी हवी' हा सीन केला. गप्पांच्या वेळी माझी भाची साक्षी उठली आणि माझ्या आईकडे, म्हणजे तिच्या आजीकडे बघून म्हणाली, "आजी, ते उटणं आता फक्त दिवाळीला हं!"

हॉलभर टाळ्या वाजल्या. पहिली टाळी आईचीच!

*

परवा मुनिरक्यात लिनथोईने विचारलं, "दिसण्यावरून कुणाला कधी नाव ठेवलंय का?"

मग गावातली एक म्हातारी उठली. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत. ती रिंगणाच्या मधोमध आली आणि सगळ्या पुरुषांसमोर तिने घूंघट वर केला.

"ब्याह के आई, तब से सब मुझे 'काली' बुलाते हैं," ती म्हणाली. "मेरा नाम शांति है."

चौकात बहुतेकांना ते नाव ठाऊकच नव्हतं. लिनथोईचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. तिचा नवरा.

"शांति!" त्यांनी खणखणीत हाक मारली.

आणि मग अख्खा चौक!