साहेबांचा गोल

आइस हॉकी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. चांगले शिकलेसवरलेले पुरुष अंगाला गाद्या बांधून एका काळ्या चकतीमागे धावतात, एकमेकांना फळीवर आपटतात आणि घामट बॅग घरी घेऊन येतात. इथे आखातात, आमच्या मंगफच्या फ्लॅटमध्ये, ती बॅग बाल्कनीत असायची. शेजारणीने एकदा बेल वाजवून विचारलं होतं, तुमच्याकडे काही मेलंय का.

नवरा गोलकीपर. नाशिकला कॉलेजात विकेटकीपिंग करायचा, एवढंच भांडवल. लेक लहानपणी शहरातल्या बर्फाच्या रिंकवर स्केटिंग शिकायची, तेव्हा बाकावर बसून कंटाळण्यापेक्षा यानेही बूट भाड्याने घेतले. पडला, उठला, शिकला. हौशी लोकांच्या लीगमधल्या एका संघाला गोलात उभं राहायला माणूस मिळत नव्हता, कारण शहाणा माणूस तिथे उभा राहत नाही. हा राहिला. आणि चांगला निघाला, हे मलाही मान्य करावं लागलं. लेक तर मैत्रिणींना घेऊन सामन्याला जायची आणि काचेतून बापाकडे बोट दाखवायची.

मागच्या वर्षी हा संघ प्लेऑफमध्ये गेला. लीगमध्ये संघ चार आणि प्लेऑफमध्येही चारच, त्यामुळे न जाणंच अवघड होतं. पण गाठ पडली ती मोठ्या साहेबांच्या संघाशी. नवरा शुऐब्याच्या ज्या प्लांटमध्ये काम करतो, तिथले हे सगळ्यात वरचे साहेब, कॅनडाहून आलेले. आणि नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच उन्हाळ्यात संपत होतं. ते वाढलं नाही तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की आम्हा तिघांचं इथलं राहणंच संपलं. लेकीला ऐन बारावीत शाळा सोडून नाशिकला जावं लागलं असतं. घरात दुसरा विषय नव्हता.

अशा वेळी हितचिंतक उगवतात. आमचे हितचिंतक त्याच प्लांटमधले, मूळ पुण्याचे. शुक्रवारी सकाळी आले, पोह्यांवर ताव मारला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच समजवा याला. साहेबांना एक गोल करू दे. एकच! माणूस खूश झाला की सही करायला कितीसा वेळ लागतो?"

"आणि मुद्दाम सोडला हे त्यांना कळलं तर?"

"अहो, मुद्दाम म्हणून नका कळू देऊ. पण समोर गोलात कोण होतं, ते कळायला हवं ना! ते मी बघतो. योग्य वेळी ओळख करून देतो."

आणखी थोडे पोहे घेऊन ते गेले. आपण कधी वाकत नाही असं अशा माणसांना मनापासून वाटतं, कारण ती सरळ कधी उभीच राहिलेली नसतात. नवरा म्हणाला, "असलं काही आपल्याच्याने व्हायचं नाही." मला बरं वाटलं.

तीन सामन्यांत दोन जिंकायचे होते. पहिल्याला प्लांटमधली अर्धी मराठी मंडळी हजर. नाशिक-पुण्याच्या थंडीतले स्वेटर आणि माकडटोप्या कपाटांच्या तळातून बाहेर आल्या होत्या. खेळ कोणालाच कळत नव्हता, नजर फक्त साहेबांवर. आणि साहेबांचा खेळ म्हणजे जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा. मध्येच त्यांनी कोणाच्या तरी पायात काठी घातली. पंचाने शिट्टी वाजवून त्यांना बाजूच्या काचेच्या कोठडीत एकटं नेऊन बसवलं. आमच्या मंडळींना वाटलं, साहेबांसाठी राखीव आसन आहे. सगळे उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट केला. लेकीने कपाळावर हात मारला. ती शिक्षेची कोठडी असते, हे तिने सांगितल्यावरही हितचिंतक टाळ्या वाजवतच राहिले. म्हणाले, "आता थांबलो तर वाईट दिसेल."

तो सामना नवऱ्याच्या संघाने जिंकला, पुढचा साहेबांच्या. तिसऱ्यात बरोबरी चालू होती आणि शेवटची मिनिटं उरली होती, तेव्हा चकती साहेबांकडे आली. समोर फक्त माझा नवरा. साहेबांनी काठी फिरवली आणि चकती निघाली सावकाश, जणू वाट विचारत विचारत.

मला खेळातलं कळत नाही. पण ओट्यावरून घरंगळलेला पेला पाठमोरा असतानाही झेलणारा हा माणूस आहे. त्याचा हात वर आला, अर्ध्यात थांबला, आणि चकती त्याच्या शेजारून आत गेली. मंडळींनी छत डोक्यावर घेतलं. मला मात्र त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव.

प्लेऑफ संपला की दोन्ही संघ रांगेने एकमेकांशी हात मिळवतात, तशी पद्धत आहे. आम्ही दारापाशीच उभे होतो. हितचिंतक टाचा उंचावून साहेबांना हात करत होते. साहेब नवऱ्यापाशी आले. त्याने मुखवटा काढला होता. साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, हात हातात घेतला आणि प्रेमाने विचारलं, "छान खेळलास. काम कुठे करतोस?"

वर्षानुवर्षं याच माणसाच्या हाताखाली राबलेला माझा नवरा म्हणाला, "शाळेत. गणित शिकवतो."

"वा," म्हणत साहेब पुढे सरकले.

"वहिनी, याचं डोकं ठिकाणावर आहे का?" हितचिंतक किंचाळायचेच बाकी होते.

"तुम्ही ओळख करून देणार होतात ना? जा, द्या करून."

ते गेले नाहीत. आपलाच माणूस ओळखला नाहीत, असं साहेबांना तोंडावर सांगायची छाती कुठून आणणार? पुढे कॉन्ट्रॅक्ट वाढलं. प्लांटमध्ये त्या वर्षी सगळ्यांचंच वाढलं, टाळ्या न वाजवणाऱ्यांचंसुद्धा.

पण त्या दिवशी गाडीत आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, यू लेट इट इन."

मला वाटलं, हा काहीतरी कारण सांगेल. तो म्हणाला, "हो."

"देन व्हाय लाय टू हिम?"

"लाज वाटली गं. असा गोल सोडणारा त्याच्याच प्लांटमधला आहे, हे कशाला कळू द्यायचं?" मग म्हणाला, "तुझी बारावी होती डोळ्यांसमोर."

आमची लेक आम्हाला मराठीत उत्तर देत नाही. कितीही रागावलो तरी देत नाही. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी नाशिकला केली असती बारावी."