रिकामा पट्टा

डोंगरकडा गावातले आमचे शेजारी कारकून आहेत, एकटेच राहतात. "आधी करून बघू," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तांड्यावरचं एक तरणं कारवानी कुत्रं त्यांच्या मनात भरलं. "ह्याला रोज लई पळवावं लागतं, साहेब," मालक म्हणाला. तेव्हापासून शेजारी पहाटे रिकामा पट्टा हातात धरून एकटेच पळू लागले. लोक हसायचे. मला मात्र उत्सुकता होती.

एकदा विचारलं, "कधी आणताय?"

"न्हाई आणत. पळणं जमून राहिलं, पण दिवसभर मी ऑफिसात. बांधून ठेवलं तर तकलीफ त्यालाच व्हईल."

मला वाईट वाटलं. पण दुसऱ्या पहाटे ते पट्टा घेऊन तांड्याकडे निघालेले दिसले. कुत्रं मालकाकडेच राहतं; शेजारी रोज त्याला पळवून आणतात. पहाट झाली की कान टवकारून त्यांची वाट बघतं.