पिंडापाशी पेटवलेली बिडी

आमच्या झरीत दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत. मी गेले. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून क्रिया धाकट्या काकांनी केली. पण मला तिथं असायचं होतं. कुणी काही म्हणायच्या आत मी चप्पल काढून ओल्या वाळूत उभी राहिले.

पिंड मांडले गेले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली उतरेनात. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा शोधतात. आवडीचं काही ठेवतात, नाहीतर हात जोडून मोठ्यानं शब्द देतात. काकांनी खिशातून बंडल काढलं, एक बिडी पेटवली आणि पिंडापाशी ठेवली.

"दादाचा जीव हिच्यातच अडकलाय," ते म्हणाले.

मी वाकले आणि ती बिडी वाळूत दाबून विझवली.

वडिलांचे दोन मित्र मागं उभे होते. एक चाचा, सायकलींचं दुकान चालवणारे. दुसरे विहाराजवळ राहणारे निवृत्त मास्तर. चाचांच्या दुकानासमोर हे दोघं, वडील आणि काका रोज संध्याकाळी एकाच काडीवर बिड्या पेटवत. वडिलांना खोकला लागला तेव्हा बिडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, असं सगळ्यांनी धरलं. वजन उतरलं तेव्हा टीबी असेल म्हणाले. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर फुप्फुसातली गाठ हाडांपर्यंत पोचली होती. तिथले डॉक्टर म्हणाले होते, वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसानं पन्नाशीनंतर खोकला नसतानाच छातीचा स्कॅन करून घ्यावा, गाठ लहान असतानाच सापडते. घरी आल्यावर आम्ही 'छातीचं दुखणं' एवढंच सांगत राहिलो.

"माय, हे काय केलंस?" काका ओरडले. "बापाला उपाशी पाठवतीस का?"

"त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता, काका," मी म्हणाले. तो शब्द मी गावात पहिल्यांदा उच्चारत होते. लोक एकमेकांकडं बघू लागले.

चाचा पुढं आले. "येच बिडी उसकू इधर लाई. अब फिरसे पिलाते क्या?"

कुणीतरी हसलं. मी पिंडासमोर हात जोडले. "अण्णा, काकांना, चाचांना, मास्तरांना मी परभणीला नेऊन छातीचा स्कॅन करून आणते. हा माझा शब्द."

"मला काय झालंय? साधा खोकला बी न्हाई," काका म्हणाले.

"म्हणूनच."

कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववावा लागला. काका माझ्याशी न बोलता घरी गेले आणि गावात बोलणं सुरू झालं, पोरीनं बिडी विझवली, बाप अडकला. म्हणू द्या. एवढे दिवस आम्ही गप्प बसलो, त्यानं कोण सुटलं?

मी पुस्तकात डोकं घालून बसणारी बाई, चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी पौर्णिमेला मास्तरांनी वंदनेनंतर मला विहारात कॅन्सरबद्दल, स्कॅनबद्दल बोलायला लावलं. मशिदीबाहेर चाचाच बोलले, मी शेजारी उभी राहिले. आमच्या गल्लीतल्या पारावर मी एकटी बोलले. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: कशाला उकरून काढायचं? नको ते निघालं तर? नाव घेतलं की दुखणं येतं, यावर मात्र सगळ्या गल्ल्यांचं एकमत होतं. मी नाव घेत राहिले.

ठरल्या सकाळी एसटीच्या थांब्यावर आम्ही तिघंच होतो. बस दिसली आणि काका आले, धुतलेलं धोतर नेसून.

"तुझ्यासाठी न्हाई आलो," ते म्हणाले. "पिंडासमोर शब्द दिलास. तो मोडला तर दादा खरंच अडकंल."

बसायच्या आधी सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. चाचांनी तळहात पुढं केला. "लाओ इधर."

"स्कॅन होऊ दे की आधी!"

"आधीच दे," मास्तर म्हणाले.

काकांनी शिवी दिली आणि बंडल दिलं. परभणीत तिघांचेही स्कॅन झाले, रिपोर्ट अजून यायचेत. काय निघायचं ते निघो. काकांना अजून खोकला लागलेला नाही, आणि आम्ही जाऊन आलोय.