काहीच न करणारं बटण

लेकीच्या लॅपटॉपवर, आज्ञा टाइप करायच्या लिनक्सच्या काळ्या टर्मिनलशेजारी आज एक छोटीशी राखाडी खिडकी उघडली. आत एकच बटण. तिने स्वतः लिहिलेला हा पहिला खिडकीवाला प्रोग्राम. ती त्याच्याकडे अशी टक लावून बघत होती, की मला आमचं साताऱ्याचं घर आठवलं.

तिथेही लिनक्सच होतं, सेकंडहँड, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर. मी लिहिलेला प्रोग्राम चालवला की कितीतरी दिवस नुसत्या चुकांच्या ओळी येत होत्या आणि एका दुपारी अचानक तशीच खिडकी आली, तसंच बटण. मी ओरडलो, तशी आई कणकेच्या हातांनी धावत आली.

"दाबलं की काय होतं रे?"

"काही नाही. अजून काही जोडलंच नाही त्याला."

तिने पदराला हात पुसले आणि माउस धरून ते दाबलं. बटण जरासं आत गेलं, पुन्हा वर आलं.

"दबतंय की!" केवढी खूश झाली होती ती.

पुढे पोटापाण्यासाठी मी शेकडो बटणं केली. लोक ती दाबतात आणि लगेच वैतागतात, अजून कसं झालं नाही म्हणून. नुसतं दबलं म्हणून हरखणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

"बाबा, दाबून काही होणार नाही," लेक म्हणाली.

मी दाबलंच.

"दबतंय की!"

लेक हसली. तिच्या जन्माआधीच गेलेल्या आजीचं बोलणं तिला कसं ओळखू येणार? मी मात्र बराच वेळ माउस सोडला नाही.