पिंगळी, मिरखेल, पूर्णा आणि बर्फाचे डोंगर

तीन उन्हाळे आम्ही हिमालयात जाऊन आलो, तेही परभणीच्या बाजारातल्या फोटोच्या दुकानात बसून. दुकान नागोरावचं. हा गडी मूळचा बोरीचा. शेती भावावर टाकून यानं कॅमेरा घेतला, म्हणून घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. बायको जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे शाळा सुटली की माझे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळत.

फोटो काढताना गिऱ्हाइकाच्या मागे लावायचा पडदा नागोरावनं स्वतः रंगवला होता. निळ्यापांढऱ्या बर्फाच्या डोंगरांचा. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर काळी सपाट जमीन. जिल्ह्यातल्या कितीतरी नवरा-नवरीच्या जोड्या त्या डोंगरापुढं अवघडून उभ्या राहिल्या, आणि ज्यानं तो रंगवला त्यानं बर्फ कधी पाहिलंच नव्हतं. एका औषधाच्या कॅलेंडरवरून त्यानं ते उतरवलं होतं.

उत्तरेत पहाडात सरकारनं शिकार बंद करून एक मोठं रान राखलंय, त्याला नॅशनल पार्क म्हणतात, हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं आणि आमचा बेत सुरू झाला. रेल्वेचं टाइमटेबल वाचून वाचून फाटलं. रामनगरहून रानात चार दिवस, मग मोटारीनं वर राणीखेत, तिथून बर्फाचे फोटो. चौथ्या वर्षी खरंच निघायचं ठरलं, आणि त्याच फाल्गुनात नागोरावचा खोकला छातीत उतरला. थंड हवा नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं.

"तुमी जावा, मास्तर," तो म्हणाला. "मला फकस्त येवढं सांगा, माझा डोंगर खरा हाय का लबाड. धा वर्षं झाली, लोकायला त्याच्यापुढं उभं करायलोय मी."

"बघून येतो आणि सांगतो."

"तोंडी नका सांगू. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलसाल. फोटू आणा."

त्याचे दिवस किती उरलेत हे त्याला कळलं होतं. मलाही. म्हणून निघालो.

त्याच्या कॅमेऱ्याला खटका नव्हता. काचेपुढचं टोपण काढायचं, मोजायचं, परत बसवायचं. मोजायची रीत त्याची स्वतःची. परभणीहून पूर्वेला गाडी निघाली की लागणारी तीन स्टेशनं तो सावकाश म्हणायचा: पिंगळी, मिरखेल, पूर्णा. उजेड जितका कमी तितकं पुढचं स्टेशन. मला त्यानं सोपा नियम दिला. "ऊन पाठीला पोळलं तर पिंगळीला टोपण घाला. कोमट लागलं तर मिरखेल. गार असंल तर सीदं पूर्णा."

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. आपले निजामाचे हाली रुपये निघण्याआधीच इंग्रजांचे कलदार करून घ्या, मनमाडच्या पुढं त्यांना कुणी विचारत नाही. आणि येताना संस्थानाच्या हद्दीवर सामान तपासतात, तेव्हा फोटोच्या काचेच्या प्लेटांच्या पेटीवर उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्हींत ‘उघडू नये’ असं लिहून ठेवा. मनमाडला गाडी बदलून दिल्ली, तिथून मुरादाबाद, मग रामनगर. तिसऱ्या वर्गात बूड ठेवायला जागा मिळाली तर नशीब समजा.

गाडीत शिदोरी सोडली तर धपाटे दोन माणसांचे. नागोरावच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, सवयीनं दोघांचे बांधले होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "सोबत कुणी हाय का?" मी कॅमेऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. तो हसला. त्यालाच दोन धपाटे दिले.

रामनगरहून बैलगाडीनं रानात गेलो. परवानगी पत्रानं आधीच मागवावी लागते. मी दोघांची मागवली होती, म्हणून बंगल्यात दोन खाटा टाकलेल्या. चारही दिवस दुसऱ्या खाटेवर माझा टॉवेल वाळत होता. सोबतीला एक वनरक्षक, तो बोलायचा तेवढा माकडांशी. खाली मोठी नदी, पलीकडे गवत, गवतात चितळांचे कळप. ऊन मात्र थेट आपल्याकडचं, पाठ भाजून काढणारं. नियमाप्रमाणे पिंगळी म्हटलं की टोपण. नदी चांगली आली. पण श्वास रोखून उभे राहा, असं चितळांना कोण सांगणार! एकाला तीन तोंडं आली.

राणीखेतला पोचलो आणि पहिल्यांदा कळलं की मे महिन्यात अंगावर घोंगडी घेता येते. चीड म्हणतात त्या झाडांचा वास छान, चहा गोड, डाळभात बेताचा. डोंगर मात्र गायब. समोर नुसता मळकट पांढरा धुरळा. रोज पहाटे उठून कॅमेरा मांडायचा आणि दुपारी उचलायचा. उतरलो होतो त्या डाकबंगल्याचा चौकीदार रोज येऊन सांगे, "आज भी नहीं खुलेगा, बाबूजी." मी म्हणे, "नक्को तो नक्को." माझ्या दखनी बोलीवर तो खो खो हसे. दिवसभरात तेवढंच एक हसणं. चार दिवस असे गेले. खरं सांगतो, मी फार एकटा पडलो. बायको गेली तेव्हा निदान घर ओळखीचं होतं.

पाचव्या दिवशी पहाटे वळीव पडून गेला आणि उजाडताना सगळं स्वच्छ. डोंगर होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा, नागोराव!" आणि बाजूला बघितलं.

सहा प्लेटा शिल्लक. सूर्य वर आला होता, पण पाठीला चटका नाही, उलट बोटं बधिर. गार असेल तर पूर्णा. तीन प्लेटा शांतपणे पूर्णेपर्यंत मोजल्या. चौथीला पिंगळी म्हणालो आणि पुन्हा बाजूला बघितलं. मिरखेल तोंडातून निघेना. टोपण घातलं. एक प्लेट वाया गेली म्हणून स्वतःवर चिडलो, नाक पुसलं, आणि उरलेल्या दोन पुन्हा नीट पूर्णेपर्यंत मोजल्या.

परभणीला पोचलो तेव्हा नागोराव अंथरुणावर होता. माझ्या हातातली पेटी बघून उठला आणि अंधाऱ्या खोलीत शिरला. लाल दिव्याखाली डोंगराची पहिली प्लेट औषधात टाकली. ती भराभर काळी होत गेली, उजेड जास्त खाल्लेली प्लेट होते तशी. दुसरी तशीच. तिसरीही.

"मास्तर, लय गार व्हतं का तिथं?"

"फार."

"आन तुमी पूर्ण्यापर्यंत मोजलं." तो इतका हसला की खोकल्यानं वाकला. "चूक माझी हाय. आपल्याकडं उजेड पोळतो. गार उजेड बी असतोय, हे म्यां तरी कुठं पाह्यलं व्हतं?"

मला रडू येत होतं. त्यानं चौथी प्लेट टाकली. ती हळूहळू आली. कडा आल्या, घळी आल्या, शिखरं आली.

कागदावर उतरवलेला फोटो घेऊन दुसऱ्या दिवशी तो पडद्यापुढं बराच वेळ बसला. "माझे लय टोकदार झालेत," शेवटी म्हणाला. "खरे रुंद हायेत, बसलेल्या म्हशीवानी."

"रंग आणू का? बदलू या."

"ऱ्हाऊ द्या. कळलं ना मला. बस झालं." मग म्हणाला, "आपला दोघांचा एक फोटू न्हाई, मास्तर."

खरंच नव्हता. तो नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. आम्ही त्याच्या लबाड डोंगरापुढं उभे राहिलो. टोपण वहिनींच्या हातात. वहिनी कीर्तनाच्या सुरात म्हणाल्या, "पिंगळी... मिरखेल..." आणि नागोरावला खोकल्याची उबळ आली.

प्लेट धुऊन त्यानं उजेडाला धरली. डोंगर स्वच्छ, मी स्वच्छ, माझ्या शेजारी एक पुसट माणूस. "तुमी पूर्ण्यापर्यंत गेलाव, मास्तर," तो म्हणाला. "मी मिरखेललाच उतरलो की."

पोळ्याच्या आधी तो गेला.

राणीखेतचा फोटो वहिनींकडे आहे, दोघांचा माझ्याकडे. प्रवास केल्याचा मला आनंद आहे, तुम्हीही जरूर जा, फक्त सोबत कुणाला तरी न्या. टाइमटेबल अजून माझ्या टेबलावर पडलंय. परीक्षा संपत आल्यात, आणि या उन्हाळ्यात कुठं जायचं, हे मला कुणी विचारत नाही.